पांगुळगाडा आणि पाण्याची बादली

अकोल्यात नळ येण्याचा दिवस म्हणजे घरोघरी एक लहानसा सणच असतो. काही दिवसांआड येणाऱ्या त्या पाण्यासाठी पहाटेपासून निळे ड्रम विसळायचे, बादल्या, घागरी, टब, इतकेच काय पण वरणाचे पातेलेसुद्धा रांगेत मांडून ठेवायचे. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला गोड्या पाण्याची किंमत कुणी शिकवावी लागत नाही. आम्ही अमरावतीकर अप्पर वर्धा धरणामुळे या बाबतीत थोडे सुखी, त्यामुळे लेकीकडे अकोल्याला गेलो की मी हा सोहळा पाहुण्याच्या नजरेने पाहतो. मागल्या उन्हाळ्यात असाच ओसरीवर चहा पीत बसलो होतो. लेक मोटारीजवळ, जावई गच्चीवरच्या टाकीपाशी. साडेआठ महिन्यांची नात माझ्यासमोर चटईवर स्टीलची वाटी आपटत होती. मी वर्तमानपत्राचे पान उलटले. दुसऱ्या पानावरची एक बातमी वाचली, जेमतेम दोन मिनिटांची. मान वर केली तेव्हा चटईवर वाटी होती, नात नव्हती.

ती न्हाणीच्या दाराशी होती. काठोकाठ भरलेल्या बादलीची कड दोन्ही हातांनी धरून गुडघ्यांवर उभी राहिली होती आणि पाण्यात दिसणाऱ्या त्या दुसऱ्या मुलीकडे वाकून पाहत होती. मी धावलो, उचलले. ती चिडून रडली, कारण तिच्या दृष्टीने मी एका चांगल्या ओळखीत व्यत्यय आणला होता. लेक पळत आली आणि तिच्या तोंडून पहिले वाक्य निघाले, ‘‘बाबा, तुमचं लक्ष कुठं होतं?’’

बरोबरच होते तिचे. पण त्या दिवसापासून हे ‘लक्ष’ माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे असे लेकरू गेले की बातमी ठरलेल्या शब्दांत येते: आईचे लक्ष नसताना, खेळता खेळता, पाण्याच्या टाक्यात पडून. तीन ओळींची बातमी आणि त्यात आरोपी एकच. बादली कुणी भरली, का भरून ठेवावी लागली, झाकण का नव्हते, आई त्या वेळी कुठल्या कामात होती, घरातले बाकीचे कुठे होते, यातले काहीही त्या तीन ओळींत नसते. चोवीस तास, वर्षभर, एकाच माणसाचे अखंड लक्ष असणे ही व्यवस्था नव्हे, तो एक नवस आहे. आणि नवस कधीतरी चुकतोच.

बादलीचे शास्त्र तसे साधे आहे. या वयात मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. वाकताना तोल गेला की ते डोक्यावर पडते. रिकामी बादली कलंडेल, पण भरलेली बादली आपल्या वजनानेच जागची हलत नाही. खांद्यांत आणि हातांत स्वतःला मागे रेटण्याइतकी ताकद अजून आलेली नसते. आणि हे सगळे बिनआवाज घडते. सिनेमात बुडणारा माणूस हात उंचावून ओरडतो, तसे इथे काही नाही. वीतभर पाणीही पुरते. स्वयंपाकघरातल्या आईला ऐकू येईल असे काहीच घडत नाही, म्हणून ‘मी इथेच तर होते’ हे तिचे सांगणे शंभर टक्के खरे असते.

यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचा उपाय ठरलेला: लेकराला खाली सोडूच नका. कडेवर घ्या, पाळण्यात ठेवा, खाटेला चहूबाजूंनी उशा लावा. हा उपाय फार जुना आहे. यशोदेने कान्ह्याला उखळाला बांधले ती कथा आपण कौतुकाने सांगतो. पण त्या उपायाचे पुढे काय झाले हेही त्याच कथेत आहे. त्याने उखळ ओढत नेले आणि दोन झाडे उपटून पाडली. देव होता म्हणून निभावले. आपल्या घरातला टीव्हीचा स्टँड किंवा भिंतीला न ठोकलेले लोखंडी कपाट ओढल्यावर काय होते, ते मात्र पुराणात सापडणार नाही.

मुलाला खिळवून ठेवणे चूक आहे ते केवळ त्याला कंटाळा येतो म्हणून नव्हे. हलणे हेच त्याचे शिक्षण आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अॅडॉल्फ यांनी आयुष्यभर हाच विषय अभ्यासला. नुकते चालू लागलेले मूल मोकळे सोडले तर ते तासाभरात सरासरी २,३६८ पावले टाकते आणि १७ वेळा पडते, असे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोजून दाखवले. तासाला सतरा! आपल्यापैकी कुणी सायकल शिकताना पहिल्या तासात सतरा वेळा पडले असते तर सायकल विकून टाकली असती. म्हणजे पडणे हा अपघात नसून तो अभ्यासक्रम आहे. पडल्याशिवाय लेकरू वाढत नाही असे आमच्या आजी म्हणत, त्यात तथ्य होते. प्रश्न पडण्याचा नाहीच. कुठे पडते, कशावर पडते आणि कशात पडते, हा प्रश्न आहे.

याच संशोधनातली दुसरी गोष्ट प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावी अशी आहे. १९६० साली एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी एक प्रसिद्ध प्रयोग केला होता. टेबलावर जाड काच, काचेखाली एका बाजूला लगेच चौकड्यांचे कापड, दुसऱ्या बाजूला तेच कापड खोल खाली. रांगती मुले त्या ‘कड्या’वर जायला बहुतेक वेळा कचरली, आई पलीकडून बोलावत असतानाही. त्यावरून लोकांनी सोयीस्कर अर्थ काढला की मुलाला उंचीची उपजत भीती असते, ते आपोआप सावध राहते. अॅडॉल्फ यांनी पुढे उतारांवर मुलांना सोडून पाहिले (धरायला माणूस होताच) तेव्हा वेगळेच दिसले. नवे रांगणारे मूल बेधडक उतारावरून खाली झोकून देते. काही आठवड्यांच्या सरावाने ते शहाणे होते, काठाशी थांबते, चाचपते. आणि तेच मूल उभे राहून चालू लागले की शहाणपण शून्यावर येते. पुन्हा पहिल्यापासून धडपड. म्हणजे ओसरीच्या कडेशी थांबणारे, पायरीवरून उलटे सरकत उतरणारे आपले हुशार लेकरू चालायला लागल्याच्या पहिल्या महिन्यात त्याच ओसरीवरून सरळ पुढे पाऊल टाकेल. ‘त्याला कळतं आता’ हे वाक्य दर नव्या टप्प्यावर खोटे ठरते.

टप्पेही पंचांगाप्रमाणे येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून २००६ साली जी मर्यादा दिली, तिच्यात मूल स्वतंत्र चालू लागण्याचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत आहे. गुडघ्यांवर रांगण्याचा ५.२ ते १३.५. शंभरात चारएक मुले तर तसे रांगतच नाहीत, बुडावर सरकतात आणि एक दिवस उभी राहतात. तेव्हा शेजारचे लेकरू चालते आणि आपले नाही म्हणून रात्रीची झोप घालवू नये. आणि ‘अजून कुठे हलतंय’ म्हणून भरली बादलीही उघडी ठेवू नये.

शेजारचे लेकरू चालते, या धास्तीतूनच आपल्या घरांत वॉकर शिरला. प्लॅस्टिकचा गोल, मध्ये झोळीसारखी बैठक, खाली सहा-आठ चाके, पुढे वाजणारी खेळणी. बारशाला किंवा उष्टावणाला हमखास येणारा आहेर. मूल त्यात लटकते, बोटांच्या टोकांनी जमीन रेटते आणि खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला भर्रकन जाते. सगळे टाळ्या पिटतात. त्याला चालणे म्हणत नाहीत. तोल सांभाळायचे कामच त्यात नसते, मग तोल शिकणार कुठून? चालणे लवकर येत नाही, उलट थोडे लांबू शकते. धोक्याचे म्हणाल तर एकट्या अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात सव्वा वर्षाखालची सुमारे २ लाख ३० हजार बाळे वॉकरच्या दुखापतींनी दवाखान्यांत न्यावी लागली, आणि त्यातली बहुतेक जिन्यावरून कोसळलेली होती. डोक्याला आणि मानेला मार. त्यातली पुष्कळशी मोठ्या माणसांच्या डोळ्यांसमोर पडली, कारण एवढ्या वेगाला माणूस पोचत नाही. कॅनडाने २००४ सालीच वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तो दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेला असतो.

आणि गंमत पाहा, आपल्याकडे याहून शहाणी वस्तू होती. पांगुळगाडा. सुताराने केलेला, तीन चाकांचा, पुढे उभी चौकट. मूल त्यात बसत नाही, त्याच्या मागे उभे राहते, दांडी धरते आणि ढकलत जाते. वजन स्वतःच्या पायांवर, तोल स्वतःचा. पडले तर जमिनीवर बसकण. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल करणाऱ्या हातांनाच हे काम ठाऊक होते. तरी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हा गाडा शेणाने सारवलेल्या ओबडधोबड जमिनीसाठी होता. तिथे चाक अडत अडत चालायचे. आजच्या गुळगुळीत फरशीवर तोच गाडा मुलाच्या हातून निसटून पुढे पळतो आणि मूल तोंडावर येते. चाकांना जुन्या टायरट्यूबची पट्टी ठोकली तर थोडा आवरतो. आमच्या घरी तेच केले.

जुने ते सोने असे मला म्हणायचे नाही. जुन्या वाड्यांत विहिरी बिनकठड्याच्या होत्या, चुली जमिनीवर होत्या, माडीच्या जिन्याला कठडा नव्हता, आणि किती लेकरे गेली त्याची नोंद कुणी ठेवली नाही. दहा बाळंतपणांतली सहा वाचली तर देवाची कृपा म्हणायचा तो काळ. पण घरातल्या वस्तू बदलल्या, तसे धोक्यांचे ठिकाण बदलले, आणि आपली सावधगिरी मात्र जुन्याच जागी पहारा देत उभी राहिली. दृष्ट लागू नये म्हणून गालावर तीट लावणारी आजी नातवाच्या गळ्यात काळा दोरा आणि ताईतही घालते. तोच दोरा पाळण्याच्या खुंटीत अडकतो, हे तिच्या लक्षात येत नाही.

वऱ्हाडाचे म्हणून काही खास धोके आहेत. पहिला कूलर. आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि मार्चअखेर प्रत्येक घरात लोखंडी पत्र्याचे ते धूड खिडकीत किंवा खोलीच्या कोपऱ्यात येते. खाली पाण्याचा टब, त्यात विजेचा पंप, अर्थिंगच्या नावाने अनेकदा आनंदच. दमट, गार, गुणगुणणारी ती वस्तू रांगत्या मुलाला मंदिरासारखी ओढून घेते. दर उन्हाळ्यात कूलरच्या धक्क्याची बातमी असते. अर्थिंग तपासणे, मीटरपाशी गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर बसवणे आणि पाणी भरताना प्लग काढून ठेवणे, याचा खर्च कूलरच्या किमतीपुढे काहीच नाही.

दुसरा धोका शेतीचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा देशभर चर्चा झाली. ते औषध शिवारातच राहत नाही, घरी येते. खाटेखाली, धान्याच्या कोठीमागे, आणि सर्वांत वाईट म्हणजे उरलेले थोडेसे कोल्ड्रिंकच्या बाटलीत. रांगत्या मुलाचे जग जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत असते आणि जे सापडेल ते तोंडात घालणे ही त्याची ओळख करून घेण्याची रीत. बाटली कुलपात हवी आणि घरापासून दूर हवी. प्यायलेच तर ओकारी काढायच्या भानगडीत पडू नये; बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा. रॉकेलचेही तसेच. भाव वाढेल या आशेने घरात भरून ठेवलेला कापूससुद्धा धोक्याचाच. मोठ्यांना तो गादीसारखा वाटतो, पण त्या ढिगात तोंड खुपसून पडलेल्या तान्ह्याला मान उचलून बाजूला होता येत नाही.

संक्रांतीचे बोरन्हाणही एकदा नीट आठवून पाहा. हलव्याचे दागिने घातलेले नऊ-दहा महिन्यांचे लेकरू पाटावर, आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, हरभरे, शेंगदाणे, उसाचे करवे, चुरमुरे. मोठी पोरे लूट करतात. आणि संध्याकाळी पाहुणे गेल्यावर सतरंजीच्या सुरकुतीत, पाटाखाली राहिलेला एक शेंगदाणा कुणाला सापडतो? सण बंद करा असे मी म्हणत नाही. चुरमुरे उधळा, शेंगदाणे-हरभरे वाटीत घालून हातात द्या पोरांच्या. वर्षाखालच्या बाळाच्या घशात काही अडकलेच, ते खोकेना की रडेना, तर त्याला हातावर पालथे, डोके खाली करून खांद्यांच्या मध्ये पाच थापा. न निघाल्यास उताणे करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. पुन्हा थापा. घशात आंधळेपणाने बोट घालू नये, वस्तू आणखी आत जाते. हे घरातल्या सर्वांना यायला हवे, आजोबांसकट. मी नात चालू लागल्यावर शिकलो, आधी शिकायला हवे होते.

इथवरचे सगळे पक्क्या घरांचे, दोन माणसे घरात असलेल्या कुटुंबांचे झाले. खरा पेच पुढे आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत अकोल्याहून परतताना मूर्तिजापूरच्या अलीकडे आमची गाडी पंक्चर झाली. हा तोच महामार्ग, जिथे जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून जागतिक विक्रम झाला. चाक बदलेपर्यंत मी धुऱ्याने आत गेलो. पाच-सहा बाया कापूस वेचत होत्या. बाभळीला एक झोळी होती, तीत तीन-चार महिन्यांचे लेकरू झोपले होते. दुसऱ्या एका बाईला मी विचारले, तुमचे लहान कुठे? ‘‘थ्याले कायचं आणता येते बाप्पा आता? रांगाले लागलं थे. झोळीत रायत नाई, खाली सोडलं तं इच्चू-काटा, ढेकूळ खाते. घरी ठेवलं मोठीपाशी.’’

या एका उत्तरात सगळा प्रश्न आहे. झोळीतले मूल मजूर आईला परवडते. रांगते मूल परवडत नाही. वेचणी किलोवर असते, हात थांबला की मजुरी थांबली. आणि मूल हलू लागते त्या महिन्यापासून ते तीन वर्षांचे होईपर्यंत त्याला दिवसभर घेणारी जागा गावात बहुधा नसते. अंगणवाडीची शाळा तीन वर्षांपासून. त्याखालच्यांना घरी न्यायचा आहार मिळतो. आहार मिळतो, पण सांभाळणारे माणूस मिळत नाही. कायद्याने याचा विचार केलाच नाही असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पुढे तीसहून अधिक स्त्री-कामगार असतील तिथे ती लागू झाली. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असतील तर एका बाईने ती सांभाळावी आणि तिला मजुरी मिळावी असे लिहिले होते. पण खाजगी शेतातली वेचणारी कारखान्यातही नाही आणि सरकारी कामावरही नाही. २०२२ पासूनच्या केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिन्यांपासूनच्या मुलांना घ्यायचे ठरले, हे चांगलेच. मात्र देशात अंगणवाड्या सुमारे १४ लाख आणि पाळणाघर जोडलेल्या अंगणवाड्यांचे उद्दिष्ट १७ हजार.

बांगलादेशासारख्या गरीब देशाने हे करून दाखवले आहे. तिथे तळी-पोखरणींत बुडून लहान मुले जात. पाहणीत दिसले की बहुतेक घटना सकाळी ९ ते दुपारी १ या वेळातल्या, आई कामात असतानाच्या. मग गावातल्याच एका बाईच्या घरी, तेवढ्याच वेळासाठी, पाच वर्षांखालची मुले ठेवण्याची ‘आंचल’ केंद्रे निघाली. मोठी इमारत नाही, खेळण्यांचा डोंगर नाही. दार बंद होणारी खोली आणि मुलांकडे पाहणे हेच काम असलेली एक बाई. बुडून मरणारी मुले लक्षणीय कमी झाली. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने हाच उपाय जगाला सुचवला.

आणि बांगलादेशापर्यंत तरी कशाला जायचे? ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत राहिल्या होत्या, हे आज अमरावतीतच फार थोड्यांना माहीत आहे. त्यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीने जे उभे केले, त्यात पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात होती. कारण उघड होते. आदिवासी पोर शाळेत का येत नाही, तर कडेवर धाकटे आहे म्हणून. धाकट्याला जागा दिली की थोरली वर्गात बसते. ऐंशी वर्षे होत आली या शोधाला.

वेचणीच्या चार महिन्यांसाठी, सकाळी आठ ते चार, अंगणवाडीशेजारची एक खोली आणि दोन बाया, एवढे ग्रामपंचायतींनी मनावर घेतले तर अशक्य नाही. ज्यांच्या शेतात वेचणी होते त्यांनीही क्विंटलमागे काही रुपये टाकले तर ते बुडणार नाहीत. हे मी स्वतः शेती असलेला माणूस म्हणून लिहितो आहे. शिवाय २०१८ पासून आशाताईंच्या घरभेटी बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यांत ठरलेल्या आहेत. नवव्या महिन्याच्या भेटीत त्यांनी वजनाबरोबर घराची जमीनही पाहावी: पाण्यावर झाकण आहे का, चूल किती उंचीवर, औषधाची बाटली कुठे. त्यासाठी त्यांना वेगळा मोबदला मात्र द्यावा, नाहीतर आणखी एक काम फुकटात त्यांच्या डोक्यावर.

लेकीच्या घरी न्हाणीच्या दाराला आता गुडघाभर उंचीची फळी आहे. ड्रमांना घट्ट झाकणे आहेत, रात्री एकही बादली भरलेली राहत नाही, आणि नळाच्या दिवशी नातीला सांभाळण्याचे काम एका माणसाच्या नावावर असते. त्या वेळात वर्तमानपत्र उघडायचे नाही, असा हुकूम आहे. तो मी पाळतो.

त्या दिवशी धुऱ्यावरून निघताना मी त्या बाईला विचारले होते, तुमची मोठी केवढी?

‘‘नऊ वर्साची हाय.’’

आणि तिची शाळा?

‘‘जाईन नं. लेकरू पायावर चालाले लागलं का जाईन थे शाळेत.’’

चालायला लागल्यावर ते आणखी दूर जाईल, हे मी तिला सांगितले नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.